खाडीवरचा नसलेला अडथळा

पूर्णगड पाहिलं नसेल, तर आधी एक रुंद, संथ खाडी डोळ्यांसमोर आणा. मुचकुंदी नदी इथे समुद्राला मिळते. उत्तरेच्या टेकडीवर छोटासा किल्ला, त्याच्या पायथ्याशी उतारावर एकावर एक रचल्यासारखी घरं आणि खाली मासेमारीचे मचवे. दक्षिणेला सुरूचं बन आणि त्यामागे माडांत दडलेल्या वाड्या. मधे नुसतं पाणी. थंडीच्या सकाळी धुकं उतरतं तेव्हा दोन्ही काठ नाहीसे होतात आणि मचव्यांच्या डोलकाठ्या कशालाही न टेकता हवेत उभ्या राहतात. तिथून परत येऊन बरेच दिवस झाले, पण बिलं करताना, चार्जर गुंडाळताना मधेच मला त्या डोलकाठ्या दिसतात आणि हात थांबतो.

कोल्हापुरात आमचा फोटो स्टुडिओ आहे. माझा नवरा सुधीर लग्नांचं चित्रीकरण करतो. ऑर्डरी, बॅटऱ्या, कार्डं, कुठल्या बॅगेत काय, हे माझ्याकडे. प्रत्येक बॅगेच्या झाकणाला आतून मी यादी चिकटवलेली आहे. एका मुहूर्तावर दोन लग्नं आली की माणूस कमी पडतं, म्हणून गेल्या वर्षी मी ड्रोन उडवायला शिकले. मांडवावरून एक फेरी, वरातीच्या मागून एक फेरी, एवढंच मला येतं. पण तेवढं नीट येतं.

रजनी जाधव माझी शेजारीण. शाळेत भूगोल शिकवायची. मूळची पूर्णगडच्या समोरच्या, खाडीच्या दक्षिण काठावरच्या वाडीतली. तिच्या उजव्या डोळ्यात मधोमध एक डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणून कुणाशी बोलताना ती मान जरा वळवून बघते आणि नव्या माणसाला वाटतं, हिचं आपल्याकडे लक्षच नाही. दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या डोळ्यातही सुरुवात झाली आहे, इंजेक्शनं वेळेवर घेत राहू. घरी येऊन ती मला म्हणाली, "विजू, मला आमची खाडी वरून बघायची आहे. नंतर नको. आत्ता."

सोमवारी दुपारी लग्नाची ऑर्डर होती आणि ड्रोन सकाळपर्यंत परत हवा होता. शुक्रवारी पहाटे आम्ही गाडी काढली.

शुक्रवार, घाटाखाली

आंबा घाटाच्या अर्ध्यावर रजनीने काच खाली केली. हवा ओलसर आणि जड झाली होती. धुक्यातून झाडं एकेक करून पुढे यायची आणि मागे विरघळायची. उतार संपला, मोहोराचा गोड, किंचित आंबूस वास गाडीत भरला आणि ती म्हणाली, "साखरपा आलं."

"पाटी तर दिसली नाही अजून."

"पाटी कुठली मला दिसायला. नाकाने वाचते मी."

तिथून पुढे माती लाल होत गेली. चिऱ्यांच्या खाणी, त्यांच्या सरळ कापलेल्या भिंती, रस्त्याकडेला रचलेले चिरे. पावसच्या अलीकडे नाष्टा केला. आमच्याकडे चहा उकळून उकळून घट्ट करतात, इथे तो येतो पातळ आणि गोड, आणि माणसं तो घाई न करता पितात. पूर्णगडच्या पोलीस चौकीवर ड्रोनबद्दल कळवून ठेवलं. किल्ल्यावरून न्यायचा नाही, एवढं त्यांनी बजावलं. मला तिकडे न्यायचाच नव्हता.

पूल लागला तसं रजनीने विचारलं, "पूल आला का?"

"आला. आणि संपला पण."

"हो," ती म्हणाली. "लगेच संपतो तो."

वाडीत रजनीच्या भावाचं चिऱ्याचं घर आहे. दारावर पंचशील ध्वज, अंगणात माडाच्या विणलेल्या झापांचा मांडव. भाऊ नोकरीसाठी मुंबईत असतो. घर सांभाळते त्याची बायको, मालती. तिची लेक बाळंतपणासाठी आली होती आणि पडवीत पाळणा बांधलेला होता. बाळाच्या कपाळावर कडेला काजळाचा एवढा मोठा ठिपका होता की आधी ठिपका दिसायचा आणि मग बाळ.

"वन्सं, आधी पाय धुवा," मालती रजनीला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आन बाय तुम्ही, इतक्या पिशव्या? ऱ्हायला आलाव की दुकान टाकायला?"

जेवायला तांदळाची भाकरी, खाडीतल्या मुळ्यांचं सुकं आणि सोलकढी होती. मुळे म्हणजे शिंपल्यातले बारीक जीव, ओल्या नारळात परतलेले. मी तिखट मागितलं तर मालती म्हणाली, "तुमच्याकडं नुसती मिरचीच जेवतात काय गो?" आणि लसणीची चटणी पुढे सरकवली. सोलकढीचा तो फिका गुलाबी रंग बघत मी बराच वेळ नुसती बसले. दारातून वारा येत होता, पाळण्याची दोरी करकरत होती, आणि यादीतलं पुढचं काम काय हे मला आठवेना.

ऊन कललं तसा मी अंगणातून ड्रोन चाचणीसाठी वर नेला. वाडीतल्या बायका जमल्या. ड्रोन माडांच्या शेंड्यांवर गेला, एक चक्कर मारली आणि शहाण्यासारखा खाली आला. टॅबवर आपापली छपरं बघून बायका हरखल्या.

"अगो, माझा कौल फुटलाय तो दिसतोय ह्यात."

"तुझ्या नवऱ्याला दाखव. तीन वर्षं सांगतंस, त्याला दिसत नाय."

मग ड्रोन पडवीतल्या बाकावर ठेवला आणि सगळ्यांनी तो पुन्हा जवळून बघितला. किती गोंडस, एवढासा, कसला गुणी, असं त्याचं कौतुक चाललं होतं. मी बॅटऱ्या चार्जिंगला लावायला आत गेले.

दिवेलागणीला रजनी मला घरामागच्या उतारावर घेऊन गेली. तिथून खाडी अर्धीच दिसते. डावीकडे डोंगराची एक सोंड पाण्यात उतरली आहे, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली, आणि पलीकडचा काठ तिच्या आड जातो.

"पूल नव्हता तेव्हा तर चालायची," रजनी म्हणाली. "तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. बाबा मुंबईला निघाले की आई आणि मी इथे उभ्या राहायचो. होडी निघायची, मधोमध जायची आणि त्या सोंडेमागे नाहीशी व्हायची. मग आम्ही नुसत्या ऐकत बसायचो."

"काय ऐकत?"

"पलीकडे होडी टेकली की तरवाला ओरडायचा, लागली हो. पाण्यावरून हाक यायची. इकडून कुणीतरी उत्तर द्यायचं, ऐकली हो. मग आई घरी वळायची. त्याआधी नाही. मी स्वतः पुढे किती वेळा त्या तरीतून गेले, पण आत बसलं की समोरचा काठच दिसतो. बाबांची होडी पलीकडे लागताना मी कधीच पाहिली नाही."

ती मान कलती करून पाण्याकडे बघत होती.

"शेवटच्या वेळी वारा उलटा होता," ती म्हणाली. "हाक आलीच नाही. काळोख पडेपर्यंत थांबलो आम्ही. बाबा मुंबईला नीट पोचले होते, पत्रसुद्धा आलं. पण त्याच पावसाळ्यात तिकडे तापाने गेले. आणि माझ्या डोक्यात ती होडी अजून सोंडेमागेच आहे, विजू. मुलांना खाड्या, नद्या, सगळे नकाशे शिकवले मी. हा एवढा तुकडा तेवढा कोराच राहिला."

मी सरळ हिशेब केला. सोंड ओलांडायची, होडी लागायची त्या पलीकडच्या जुन्या धक्क्यापर्यंत जायचं, परत यायचं. वरातीच्या फेरीपेक्षा जास्त काही नव्हतं.

शनिवार, सड्यावर

सकाळी आम्ही वाडीच्या वरच्या सड्यावर गेलो. सडा म्हणजे उघडं, काळपट कातळाचं पठार. वाळलेल्या गवताचे पुंजके सोडले तर त्यावर काही नसतं. खाली धुकं होतं आणि आम्ही त्याच्या वर. खाडीच्या जागी पांढरी खाडी होती, आणि पलीकडे किल्ल्याची टेकडी एखाद्या झोपलेल्या जनावरासारखी तिच्यात बसलेली. रजनी कातळावर टॅब घेऊन बसली, पडद्याकडे कान करावा तशी.

धुकं विरळ झालं तसा ड्रोन सोडला. तो वर गेला, खाडीकडे वळला आणि हवेत उभा राहिला. टॅब पिंपिं करू लागला. पडद्याच्या वरच्या कडेला लाल पट्टा आला. समोर अडथळा.

समोर काहीही नव्हतं. समोर आकाश होतं.

हा ड्रोन समोरचं बघायला दोन बारीक डोळे वापरतो, मुख्य कॅमेऱ्याच्या वर, दोन्ही बाजूंना एकेक. त्यांना काही आडवं दिसलं की तो पुढे जातच नाही, तुम्ही रिमोटची काठी कितीही पुढे दाबा. मांडवाच्या बांबूंमध्ये या गुणाने आमचं किती तरी नुकसान वाचवलं आहे.

मला वाटलं, धुकं. धुक्याला तो भिंत समजला असेल. थांबलो. धुकं गेलं, खाली पाणी उघडं झालं, तरी पट्टा लालच. मग वाटलं, सूर्य डोळ्यांत जातोय. दिशा बदलली. पट्टा लाल. पाण्याची चकाकी म्हणावी तर खाली कातळ होता. ड्रोन उतरवला, बंद करून चालू केला, पंखे तपासले, यादीप्रमाणे पुढचा सगळा भाग मऊ कापडाने पुसून घेतला. खाडीवर खारा वारा असतो, काचेवर मीठ बसतं. पुन्हा सोडला. समोर अडथळा.

"कसला अडथळा म्हणतोय तो?" रजनीने विचारलं.

"त्यालाच माहीत."

"मागे सरक म्हणावं."

मागे तो मजेत सरकला. बाजूलाही गेला. नुसतं पुढे नको म्हणत होता. मला एक युक्ती सुचली: पाठमोरा उडवत न्यायचा. कॅमेरा इकडे तोंड करून राहिला तरी सोंड ओलांडल्यावर वळवता येईल. पण आमच्या ड्रोनला मागे डोळे नाहीत. उतारावरच्या एका उंच माडाची झावळी मी विसरले होते. पंखा तिला घासला, चित्र सगळं तिरपं झालं, आकाश, कातळ, माड. तो कसाबसा सावरला. मी त्याला खाली आणला आणि घासलेला पंखा फिरवून बघितला.

"ते डोळे बंदच करता येत नाहीत का?" रजनीने विचारलं.

"येतात. पण आत्ता काय झालं ते ऐकलंस ना. सोंडेवर माड आहेत, पलीकडे डोलकाठ्या आहेत. आंधळा उडवून पाण्यात घातला तर तुझी खाडी गेली आणि सोमवारचं लग्नही गेलं."

ती हसली. "आंधळं उडायचं नाही. बरोबर आहे."

मला आपली जीभ चावावीशी वाटली. तिला तसं काही वाटलेलं दिसलं नाही. ती कातळावरच्या खळग्यातलं दव बोटाने ढवळत होती आणि त्यात आकाश हलत होतं.

शनिवार, पडवीत

दुपारी सुधीरला फोन लावला. सिग्नलसाठी विहिरीच्या काठावर उभं राहावं लागतं.

"सेन्सर पुसलेस?"

"पुसले."

"मग कॅलिब्रेशन कर. मी सांगतो तसं."

कॅलिब्रेशन म्हणजे त्या दोन डोळ्यांना पुन्हा एकदा जुळवून घेणं. टॅब सांगेल तसा ड्रोन भिंतीसमोर धरायचा, हळू तिरका करायचा, वर-खाली करायचा. मी पडवीत ते करत होते आणि मालती सूप घेऊन तांदूळ पाखडत बघत होती.

"काय झाला गो त्याला?" तिने विचारलं.

"समोर काही नसताना काहीतरी दिसतंय त्याला."

मालतीचं सूप थांबलं. "कालपर्यंत बरा होता ना?"

"एकदम."

ती सूप उचलून आत गेली. नंतर आठवलं, तांदूळ अर्धे पाखडायचे राहिले होते.

टॅबवर आलं: कॅलिब्रेशन अयशस्वी. पुन्हा केलं. अयशस्वी. विहिरीवरून पुन्हा फोन केला तेव्हा सुधीर म्हणाला, आतलंच काहीतरी गेलं असेल, घेऊन ये, आणि लग्नासाठी तो दुसऱ्या कुणाचा तरी ड्रोन बघतो. मी हो म्हटलं. बॅगेत प्रत्येक वस्तू तिच्या तिच्या खणात ठेवली आणि झाकणावरच्या यादीशी ताडून पाहिली. सगळं होतं, कामाचं काहीच नव्हतं.

संध्याकाळी आम्ही सुरूच्या बनात फिरायला गेलो. सुरूची पानं आवाज करत नाहीत, ती हवा गाळल्यासारखा एक लांब श्वास करतात. वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांची नक्षी काढली होती आणि पाणी येऊन ती पुसत होतं, न चिडता, पुन्हा पुन्हा. रजनी माझा दंड धरून चालत होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली.

"तुझं काम राहिलं."

"अगं, त्याचं ऐकून मला तर बरंच वाटलं. माझंही तसंच होतं. दोन्ही डोळे उघडे ठेवले की जिथे पायरी नाही तिथे पायरी दिसते. पाय उचलते आणि पडायला होतं. एक डोळा एक सांगतो, दुसरा दुसरं सांगतो, आणि मेंदू बिचारा मधलंच काहीतरी काढतो. उजवा मिटला की पायरी जाते."

मी चालता चालता थांबले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. त्यालाही दोनच आहेत."

रविवार, उतारावर

रविवारी उजाडल्यावर मी ड्रोन पुन्हा बॅगेतून काढला आणि अंगणातल्या मांडवाखाली रजनीच्या हातात दिला. डोळ्याच्या दवाखान्यात मी तिच्याबरोबर किती तरी वेळा बसले आहे. तिथे एक डोळा झाकून दुसऱ्याने वाचायला लावतात. या दोन काचा मी काल एकदम पुसल्या होत्या, एकदम तपासल्या होत्या. वेगवेगळ्या बघितल्याच नव्हत्या. डाव्या काचेसमोर मी बोट आडवं धरलं आणि टॅबकडे बघितलं. त्यातून काही कळेना. मग उजवीसमोर.

रजनीने तो तोंडाजवळ धरला आणि नेहमीसारखी मान वळवून कडेने बघू लागली. तिने तो आकाशाकडे थोडा तिरका केला.

"या काचेत उजेडाचा ठिपका आहे," ती म्हणाली. "या दुसरीत नाही. दुसरीत नुसतं धूसर. हा डोळा माझ्यासारखा आहे, विजू."

मी वाकून तसंच तिरकं बघितलं. खरंच. समोरून दोन्ही काचा काळ्या आणि सारख्या दिसत होत्या, पण कडेने बघितलं की एकीत सकाळ होती आणि दुसरीवर पातळ साय. मी बोटाने घासलं. बोट काळं झालं. माझं पुसायचं कापडही काळंच, म्हणून त्यावर काही दिसलं नव्हतं. कोरड्या कापडाने मी ते पुसलं नव्हतं, नुसतं सारखं सारवलं होतं.

रजनीने माझं बोट नाकाजवळ नेलं.

"एरंडेल," ती म्हणाली आणि आत हाक मारली. "वहिनी, जरा बाहेर या."

मालती दारात आली. आमच्या हातात ड्रोन बघून तिने पदर नीट केला.

"ह्याला काजळ लावलंत?" रजनीने विचारलं.

"वाईच," मालती म्हणाली. "शुक्रवारी सगळ्या वाडीनं बघितलान त्याला. गोंडस काय, गुणी काय. मगे नातवाला लावतंय तोच काजळ जरा कपाळाला लावला. त्याचा कपाळ कुठला तो मला काय ठाऊक? दोन काळे ठिपके दिसले, एकाच्या अंगाला टेकवला."

"वहिनी, आपण हे सगळं सोडलं ना?"

"देव सोडले," मालती म्हणाली. "लोकांची नजर कुठं सोडलीव? ती हायच."

रजनी हसायला लागली. ती इतकी हसली की तिने ड्रोन माझ्याकडे दिला आणि बाकावर बसली. मालतीला मात्र हसू येईना. ती खालच्या आवाजात म्हणाली, "काल ह्या म्हणाल्या, काही नसताना त्याला दिसतंय. तवाच मला संशय आला. पन सांगायला धीर होईना. तुमचा काम माझ्यामुळं राहिला."

"राहिलं नाही अजून," मी म्हटलं.

रजनीकडे चष्मा पुसायच्या द्रवाची फवाऱ्याची बाटली होती. आधी मऊ कापडाच्या कोऱ्या तुकड्याने तेल टिपलं, मग त्या द्रवाने काच पुसली, पुन्हा कोरडी केली, प्रत्येक वेळी नवा कोपरा घेऊन. शेवटी कडेने बघितलं तर दोन्ही काचांमध्ये एकेक छोटं आकाश होतं. कॅलिब्रेशन केलं. यशस्वी. मालती पाळण्याजवळ उभी राहून तो शब्द पुन्हा म्हणायला लावत होती.

"आता पुन्हा नजर लागली तर?" ती म्हणाली.

मी ड्रोन उलटा केला आणि तिला बॅटरीचं मागचं झाकण दाखवलं. "इथे लावा. इथे त्याला डोळे नाहीत."

तिने करंगळीने लावलं, बाळाला लावावं इतक्या हळू. मग म्हणाली, "वन्सं, तुम्ही वर जा. मी तरीवर जाऊन येतंय. शेजारची होडी पलीकडं जाणार हाय, मासळी घेऊन येतंय. दुपारला भात कोरडा नको." आणि टोपली उचलून उतरलीही.

आम्ही घरामागच्या उतारावर गेलो, रजनी आणि तिची आई उभी राहायची तिथे. धुकं पाण्यापासून नुकतं सुटलं होतं आणि माणसाच्या उंचीवर तरंगत होतं. त्याच्या खालून खाडी चकाकत होती. मी ड्रोन सोडला. तो वर गेला, वळला, आणि मी काठी पुढे दाबली.

तो गेला.

आवाज आधी कानात होता, मग दूर माशीएवढा, मग नाही. रजनीने टॅब डावीकडे धरला आणि मान उजवीकडे वळवली. पडद्यावर सोंड खाली सरकत होती, करवंदीच्या जाळ्या, माडांचे शेंडे हिरव्या चांदण्यांसारखे, त्यांच्या पलीकडे अचानक पाणी. चहाच्या रंगाचं नदीचं पाणी आणि निळसर समुद्राचं, एकमेकांत बोटं घातल्यासारखं. धुक्याची लांब चिंधी त्यावरून जात होती. आणि त्या पाण्यावर एक होडी होती.

"होडी आहे का ती?" रजनीने विचारलं. "हलतंय ते?"

"होडी आहे. एक जण वल्हवतोय. टोपली घेऊन एक बाई बसली आहे."

मी ड्रोन हळूच होडीवर ठेवला. होडीमागे पाण्यात दोन रेघा उघडत होत्या आणि मिटत होत्या. इकडे उतारावरून ती दिसतही नव्हती, ती सोंडेमागे होती. पडद्यावर मात्र तिचा सगळा रस्ता होता, या काठापासून त्या काठापर्यंत, तळहाताएवढा.

बॅटरीचा पहिला इशारा वाजला. लग्नात मी या इशाऱ्यावर ड्रोन परत बोलावते, नवरदेव घोड्यावर चढत असला तरी. या वेळी मी किती उरली आहे ते बघितलं, परतीला किती लागेल ते बघितलं, आणि त्याला तिथेच तरंगत ठेवून बोट काठीवरून काढून घेतलं.

होडी पलीकडच्या जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांजवळ गेली. वल्हं आडवं झालं. टोपलीवाली बाई उठली, एक पाय पायरीवर ठेवला, आणि तिने वर, आमच्या दिशेला तोंड केलं. दोन्ही हात तोंडापाशी नेले. चित्राला आवाज नव्हता. पण वारा सुलट होता, आणि थोड्या वेळाने पाण्यावरून, सोंडेला वळसा घालून, बारीक आणि लांबलेली हाक आली.

"लागली होऽऽ"

रजनीने टॅब माझ्या हातात दिला. ती उताराच्या कडेपर्यंत गेली, मी दंड धरायच्या आत. दोन्ही डोळे मिटून तिने छातीभर श्वास घेतला.

"ऐकली होऽऽ"

मग ती वळली आणि घराच्या वाटेला लागली. मी ड्रोनला परत बोलावलं.